स्मरणरंजन मते मिळवते की घालवते: परंपरानिष्ठ पक्षाचे भाषण कसे तपासावे

गेली बरीच वर्षे मी नागपुरात निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांची भाषणे आणि प्रभागांचे जाहीरनामे तपासून देतो. पक्ष कोणताही असो, माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत एक वाक्य हमखास सापडते: ‘एकेकाळी नागपूर राजधानी होते, तेव्हा या शहराचा दरारा होता, तो दरारा आम्ही परत आणू.’ वाक्य ऐकायला भारदस्त आहे आणि टाळ्याही घेते. ते ठेवावे की काढावे हे मात्र टाळ्यांवरून ठरवता येत नाही, कारण टाळ्या समोर बसलेले लोक वाजवतात आणि मते सभेला न आलेलेही देतात.

परंपरानिष्ठ पक्षासाठी हा प्रश्न विशेष नाजूक आहे. चालत आलेले मोडू न देणे, वडीलधाऱ्यांनी उभारलेले जपणे, बदल करायचाच तर पायरीपायरीने करणे, ही त्याची मूळ भूमिका असते आणि ती मला मनापासून आदरणीय वाटते. जुन्या काळाचा उल्लेख पूर्ण टाळला तर असा पक्ष आपली ओळखच सोडून देतो. उल्लेख चुकला, तर विरोधकांनी त्याला ‘पुराणमतवादी’ म्हणण्याची गरजही उरत नाही, कारण ते काम त्याच्या स्वतःच्या भाषणाने केलेले असते. म्हणून एकेक वाक्य हातात घेऊन पारखावे लागते. माझ्या अनुभवात गतकाळाची आठवण मते मिळवते ती दोन गोष्टी जुळल्या तरच: ऐकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी खरोखर काही गमावलेले असले पाहिजे, आणि त्या आठवणीला आज करता येईल असे एखादे काम जोडलेले असले पाहिजे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्याने बाझलमध्ये घडवला, तो मायदेशापासून दूर राहणाऱ्या स्विस तरुणांना जडणाऱ्या आजाराचे नाव म्हणून. त्या आजारावर रुग्णाला घरी पाठवणे हा उपाय होता. राजकारणात तो उपलब्ध नाही, कारण मतदाराला १९५५ सालात नेऊन सोडता येत नाही. मराठीतला ‘स्मरणरंजन’ हा शब्द या बाबतीत अधिक सावध आहे. रंजन होते, पण त्याने दुखणे बरे होते असे तो म्हणत नाही.

आधी वजाबाकी करा

मसुदा कागदावर छापून घ्या आणि भूतकाळाविषयीच्या प्रत्येक वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढा. मग त्या वाक्यात सांगितलेले वर्ष समासात लिहा आणि ते वर्ष स्वतः पाहिलेले किती मतदार आज हयात असतील याची वजाबाकी करा. हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी ते केलेला मसुदा माझ्याकडे क्वचितच आला.

राजधानीचेच उदाहरण घेऊ. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि नागपूरचा तो मान गेला. १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते लोकनायक बापूजी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले, आणि १९७१ मध्ये त्याच मागणीचे नेते जांबुवंतराव धोटे आले. त्या वेळी मतदानाचे वय २१ होते. म्हणजे १९७१ च्या निवडणुकीत मत देणारी प्रत्येक व्यक्ती १९५० किंवा त्यापूर्वी जन्मलेली होती आणि राजधानी गेली तेव्हा किमान सहा वर्षांची होती. सचिवालयातल्या बाबूंची भोपाळला आणि मुंबईला झालेली पांगापांग, रिकामी झालेली सरकारी घरे, कमी झालेली गिऱ्हाइके हे त्या मतदारांनी स्वतः पाहिले होते किंवा जेवताना वडिलांच्या तोंडून ऐकले होते. त्यांच्यापुढे ‘राजधानी’ हा शब्द उच्चारला की पुढचे काही सांगावे लागत नसे.

तीच वजाबाकी २०२४ साठी करून पाहा. १९५० मध्ये जन्मलेला माणूस त्या वर्षी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि मतदानाचे वय १९८९ पासून १८ असल्यामुळे मतदारयादीत २००६ मध्ये जन्मलेली मुलेही आहेत. त्यांच्यासाठी राजधानीची आठवण ही शाळेतल्या धड्यासारखी आहे. ती खोटी नाही. पण ती जगलेली नाही, आणि जगलेली नसलेली आठवण फार ओझे उचलत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसाला सर्वांत ठळकपणे आठवतात ती साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतची वर्षे, असे स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्यामुळे सत्तर वर्षांच्या गृहस्थांनी लिहिलेल्या भाषणात त्यांची स्वतःची विशी-पंचविशी नकळत शहराचा सुवर्णकाळ होऊन बसते. समोरचा पंचेचाळीस वर्षांचा दुकानदार मात्र १९८९ ते २००९ ही वर्षे उराशी धरून असतो: एसटीडी बूथसमोरची रांग, घरातली पहिली दुचाकी, भावाची पुण्यातली पहिली नोकरी. त्याच्याशी बोलायचे असेल तर ते कोणाच्या आठवणीतून बोलायचे, हे लिहिण्यापूर्वी ठरवा.

त्या काळी दाराबाहेर कोण उभे होते

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. वजाबाकी चुकली तर भाषण निष्प्रभ होते, एवढेच. ही पायरी चुकली तर माणसे दुखावतात आणि ती परत येत नाहीत.

उत्तर नागपुरातल्या इंदोरा या दलित-बौद्ध वस्तीतील सभा मला आजही आठवते. उमेदवार राजधानीच्या दिवसांविषयी रंगून बोलत होते, ‘तो काळ परत आणू’ हे वाक्य आले, आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीकडे वळून हळूच म्हणाल्या, “तवा आमाले इहिरीवर कोन चढू देत होतं वं?” शेजारीण हसली नाही, तिने नुसती मान हलवली. उमेदवारांना ते ऐकू गेले नाही. मी बाजूलाच उभा होतो, मला ऐकू आले. ते वाक्य मी तपासून दिले होते, त्याखाली रेघही ओढली होती आणि तरी ते राहू दिले होते. त्या दिवसापासून ही पायरी माझ्या कामात आली.

नागपूरकरांना तरी हे शिकवावे लागू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यानंतर अठरा दिवसांनी शहराचे राजधानीपण गेले. एकाच शरद ऋतूत एका घरातून काहीतरी निघून गेले आणि दुसऱ्या घरात नवे आयुष्य सुरू झाले. महालातल्या किंवा धरमपेठेतल्या एखाद्या वाड्यात १९५६ हे हळहळीचे वर्ष असते. इंदोऱ्यात ते वंदनाचे वर्ष असते. विजयादशमीला एकाच दिवशी रेशीमबागेत संघाच्या मेळाव्याला आणि धम्मदीक्षा झालेल्या दीक्षाभूमीवर लोक जमतात आणि दोन्हीकडे भूतकाळच आठवला जातो, पण ते भूतकाळ दोन आहेत. या शहरात ‘आपला जुना काळ’ असे म्हणताना ‘आपला’ या शब्दावर क्षणभर थांबलेच पाहिजे.

म्हणून रेघ ओढलेल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा: त्या काळी हे सुख कोणाला नव्हते? उत्तरात आजचा मतदार येत असेल, तर वाक्य बदला. पुष्कळदा ते काढून टाकावे लागत नाही, काळाऐवजी वस्तू सांगितली की काम भागते. ‘जुने नागपूर परत आणू’ म्हटले की जुन्या नागपूरचे सगळेच परत येते, अगदी विहिरीवरचा मज्जावसुद्धा. ‘अंबाझरी तलावाचे पाणी पुन्हा स्वच्छ करू’ म्हटले की फक्त पाणीच परत येते, आणि त्या पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क असतो.

इंग्लंडच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची कहाणी येथे उपयोगी पडते. पंतप्रधान जॉन मेजर यांनी एप्रिल १९९३ मध्ये केलेल्या भाषणात ब्रिटन पन्नास वर्षांनंतरही तसाच राहील असे सांगितले, आणि त्यासाठी क्रिकेटच्या मैदानावर पसरलेल्या लांब सावल्या, कोमट बिअर आणि हिरवी उपनगरे यांचे चित्र उभे केले. चित्र सुंदर होते, पण ते दक्षिणेकडच्या सुखवस्तू इंग्लंडचे होते. बंद पडलेल्या खाणींची गावे आणि स्थलांतरितांच्या वस्त्या असलेली मोठी शहरे त्यात नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘मूळ मूल्यांकडे परत’ अशी हाक दिली, आणि त्यानंतर पक्षातल्या नेत्यांच्या खाजगी आयुष्यातले एकेक प्रकरण बाहेर आले की वृत्तपत्रे तीच हाक त्यांच्या तोंडावर फेकू लागली. १९९७ मध्ये पक्ष १६५ जागांवर आला. या पराभवाला केवळ स्मरणरंजन कारणीभूत होते असे मी म्हणणार नाही, कारण सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड युरोपीय विनिमय व्यवस्थेतून बाहेर पडला आणि अर्थकारणातली पक्षाची पत त्याच दिवशी गेली होती. पण जुन्या नीतीचा आग्रह धरणाऱ्याच्या घराची झडती इतरांच्या आधी घेतली जाते, एवढे त्यातून नक्की शिकता येते. तुमच्या उमेदवाराच्या घराची झडती निभावणार नसेल, तर ‘पूर्वीचे संस्कार’ हा परिच्छेद गाळा.

क्रियापद पाहा

आता फक्त क्रियापदांवर गोल करा: परत आणू, राखू, वाढवू, पुढे नेऊ. ‘परत आणू’ हे चार-पाचदा आले असेल तर भाषण मागे तोंड करून उभे आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे बॉब डोल यांनी उमेदवारी स्वीकारताना, पूर्वीच्या शांत आणि विश्वासाच्या अमेरिकेपर्यंत पोहोचणारा पूल आपण होऊ इच्छितो असे सांगितले. बिल क्लिंटन यांनी तोच पूल उचलला आणि आपण एकविसाव्या शतकाकडे जाणारा पूल बांधू असे म्हटले. पुढची सगळी मोहीम त्या एका शब्दावर चालली आणि डोल हरले. त्याच पक्षाचे रोनाल्ड रेगन यांनी १९८० मध्ये ‘अमेरिकेला पुन्हा महान करू’ असेच म्हटले होते, परंतु त्यांच्या ‘पुन्हा’ला महागाई आणि तेहरानमध्ये ओलीस असलेले ५२ अमेरिकन यांचा आधार होता, काय बिघडले आहे हे श्रोत्याला रोज दिसत होते. १९८४ मध्ये तर त्यांच्या गाजलेल्या जाहिरातीने सकाळ झाल्याचे चित्र रंगवले, म्हणजे जुन्या ओळखीच्या घरातली, पण उद्याची सकाळ. त्या वर्षी त्यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली.

सत्तेत असाल तर वेगळा नियम

हा भाग थोडक्यात सांगता येतो. विरोधी बाकावरून ‘पूर्वी बरे होते’ म्हणणे ही सरकारवरची टीका असते. सत्तेत बसून तेच म्हणणे हा स्वतःविरुद्धचा कबुलीजबाब असतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ मध्ये ‘पुन्हा महान’ ही घोषणा विरोधी पक्षात राहून दिली आणि जिंकले. २०२० मध्ये सत्तेत असताना त्यांना ती बदलून ‘महान ठेवू’ अशी करावी लागली, आणि त्या वेळी ते हरले. हरण्यात कोरोनाचा मोठा वाटा होता, हे उघड आहे. पण ‘ठेवू’ या क्रियापदात ‘पुन्हा’चे बळ नव्हते हेही दिसले.

पूर्ण झालेल्या आठवणीचेही असेच होते. भारतीय जनता पक्षाला १९८४ मध्ये लोकसभेच्या २ जागा मिळाल्या होत्या, १९८९ मध्ये ८५ आणि १९९१ मध्ये १२०. रामजन्मभूमीच्या मागणीत एक जागा, एक वास्तू आणि एक कृती इतके नेमकेपण होते, आणि त्या वाढीचे मोठे कारण मला तेच वाटते. २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली आणि चारच महिन्यांनी अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात येते, तेथे पक्ष हरला. मागणी पूर्ण झाली की मतदार पुढचा प्रश्न विचारतो: रस्ता रुंद करताना ज्यांची दुकाने गेली त्यांचे काय? सत्ताधारी पक्षाचे भाषण तपासताना मी म्हणूनच जुन्या विजयाच्या प्रत्येक उल्लेखाला पुढच्या कामाची एक ओळ जोडायला सांगतो.

उलट बाजूचा धोकाही आहे. ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या २०१६ च्या सार्वमतात ‘ताबा परत घ्या’ या घोषणेने ५१.९ टक्के मते मिळवली, २०१९ मध्ये हुजूर पक्षाने ३६५ जागा जिंकल्या, आणि २०२४ मध्ये तो १२१ वर घसरला. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाहूनही उजव्या रिफॉर्म पक्षाला जागा पाचच मिळाल्या, पण मते सुमारे १४ टक्के. गतकाळाची भूक एकदा चाळवली की तीच गोष्ट अधिक कडक करून विकणारा कोणीतरी उभा राहतोच.

स्वतंत्र पक्षाकडून शिकण्याचे

आपल्याकडचे सर्वांत बोधक उदाहरण नागपुरातच सुरू होते. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, आणि त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. राजाजींचा मुद्दा पूर्णपणे वर्तमानातला होता: शेतकऱ्याची जमीन त्याच्या नावावर राहावी, आणि कारखाना काढायला दहा टेबलांवरून परवाना फिरू नये. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग त्यांनीच रूढ केला. १९६२ मध्ये पक्षाला १८ जागा मिळाल्या, १९६७ मध्ये ४४, आणि तो लोकसभेतला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला.

पण मते आणायला त्याने अनेक ठिकाणी जुन्या संस्थानिकांचा आधार घेतला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी १९६२ मध्ये प्रचंड फरकाने निवडून आल्या, तेव्हा तो आधार फायद्याचाच वाटला असणार. १९७१ मध्ये संस्थानिकांच्या तनख्यांचा प्रश्न ऐरणीवर होता, समोर ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा होती, आणि ज्या पक्षाच्या व्यासपीठावर राजे बसलेले दिसत होते त्याला परवाना-राज्याविषयी काय म्हणायचे आहे हे ऐकायला कोणी थांबले नाही. जागा ८ राहिल्या आणि १९७४ मध्ये पक्ष विलीन झाला. पुढे १९९१ मध्ये देशाने परवाना पद्धत मोठ्या प्रमाणात मोडीत काढली. मुद्दा टिकला, पक्ष टिकला नाही. या घटनेचा मला आजही खेद वाटतो, कारण मालमत्ता आणि उद्यम यांच्या बाजूने सभ्यपणे बोलणारा पक्ष या देशाला हवा होता. तेव्हा भाषण तपासताना फक्त शब्द वाचू नका; व्यासपीठावर कोण बसणार आहे त्याची यादीही मागून घ्या.

मारबतीसारखे लिहा

वाक्य पुन्हा लिहिताना मी कार्यकर्त्यांना मारबत आठवायला सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घालवण्यासाठी मिरवले जाणारे मोठे पुतळे, निघतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली मिरवणूक आहे, ‘इडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळीही जुनीच. पण मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांच्या, गळ्यातली पाटी पाहा: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा जो काही ताप असेल तो. बांबू आणि कागदाचा सांगाडा जुन्या रीतीने बांधतात, पाटी मात्र दरवर्षी नव्याने रंगवतात. गेल्या वर्षीची पाटी कोणी घालत नाही. परंपरा जपणाऱ्या पक्षाच्या भाषणातही सांगाडा जुना असू द्या आणि पाटी यंदाची.

सुरुवातीचे वाक्य या रीतीने असे होते: ‘१९५३ च्या नागपूर कराराने शासन दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे भरेल असे ठरवले. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अधिवेशनात विदर्भाच्या प्रश्नांसाठी दिवस राखून ठेवावेत आणि मंडळ पुन्हा स्थापन व्हावे, असे दोन ठराव आमचे आमदार पहिल्याच हिवाळ्यात मांडतील.’ दरारा गेला, दोन ठराव आले. वाक्य लांबले आणि टाळ्या कमी पडतील. पण जुना शब्द पाळायला लावणे हे परंपरानिष्ठ पक्षाला शोभणारेच काम आहे, आणि इंदोऱ्यातल्या आजींनाही त्यात काही गमवावे लागत नाही.

दुसरे नेहमीचे वाक्य एम्प्रेस मिलचे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. गिरणी कामगाराच्या घरातली हळहळ ही खरी हानी आहे, पण ‘भोंगा पुन्हा वाजेल’ असे लिहू नका, कारण तो वाजणार नाही हे त्या घराला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या कामगाराचा नातू बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात कामाला लागावा म्हणून वस्तीपासून पहाटेची बस किती वाजता सुटेल, ते लिहा.

शेवटी तयार मसुदा दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवा: एक विशीतली व्यक्ती आणि एक तुमच्या मोहल्ल्याबाहेरची. अर्ध्या तासाने त्यांना विचारा की पक्ष काय करणार आहे. त्यांनी फक्त जुन्या दिवसांचे वर्णन सांगितले, तर लाल रेघा ओढलेली पाने पुन्हा बाहेर काढा. त्यांनी बसची वेळ किंवा ठरावांचा विषय सांगितला, तर त्या ओळीपुढे ते काम कोण आणि कोणत्या महिन्यापर्यंत करणार हे समासात लिहून मसुदा उमेदवाराच्या हाती द्या.